वारुळातल्या लग्नाची सकाळ

नवरीचा चेहरा नत्थूलाल पटल्यांनी मंगळवारी स्वतःच्या हाताने रंगवला होता. गुरुवारी सकाळी पेटीचं झाकण काढून पाहिलं, तर तो चेहरा त्यांनी रंगवलेला नव्हता.

चेहरा केवढा, तर तुरीच्या दाण्याएवढा. दुसऱ्या कुणाला फरक कळला नसता. पण नत्थूलालांनी चाळीस वर्षं गोंदियातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आपला ब्रश कुठे उचलला आणि कुठे टेकला हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. नवरीचं तोंड त्यांनी उजळ केलं होतं, पहाटेच्या गार उजेडात असावं तसं. आता ते पिवळं पडलं होतं. कावीळ झाल्यासारखं.

"रीता, हिले तू हात लावला का?"

रीता फुंडे खिडकीपाशी बसून इवल्याशा सारस पक्ष्याच्या पंखावर सुका ब्रश घासत होती. "नाही जी, काकाजी," ती म्हणाली. मान मात्र वर केली नाही.

नत्थूलालांना ते खटकलं. एरवी ही पोरगी बोलताना डोळ्याला डोळा भिडवून बोले.

२०१२ सालचा डिसेंबर होता. फुलचूर रोडवरच्या त्यांच्या दुकानात तीन वर्षांपासून काम म्हणावं असं उरलं नव्हतं. बाजूलाच केवळरामने फ्लेक्सची मशीन टाकली होती. ज्या पाटीला नत्थूलालांना चार दिवस लागत, ती तिथून तासाभरात गुंडाळून बाहेर पडे. काही महिने तर ते दुकान उघडून नुसते बसून असत. घरी जेवणही निम्म्यावर सोडत. मग चिचगडची रीता आली. कलाशिक्षकाची पदविका घेऊन सहा वर्षं झाली होती, वय एकोणतीस, शाळेत जागा निघत नव्हती, म्हणून शाळा-अंगणवाड्यांच्या भिंती रंगवायची. फुलचूरला खोली घेऊन राही आणि ब्रश, रंग, शिडी मागायला त्यांच्याकडे येई. तिनेच पेपरातलं कात्रण आणलं. नागपूरच्या एका छंदी मंडळींच्या क्लबाची स्पर्धा होती, लहान आकाराच्या देखाव्यांची. एक विभाग होता काल्पनिक देखाव्याचा. दोन फुटांच्या आत काहीही रचा, पण ते जगात कुठेच नसलं पाहिजे.

कल्पना नत्थूलालांची. वारुळाच्या आत वसलेलं एक नगर. बोटाच्या पेराएवढी माणसं. नगरात लग्न आहे, पहाट होते आहे, आणि नवरदेवाची वरात सारसांच्या पाठीवर बसून तलावावरून उडत येते आहे. थर्माकोल आणि प्लास्टरचं वारूळ त्यांनी रचलं. तांब्याच्या तारेवर एम-सील चढवून त्रेचाळीस माणसं दोघांनी मिळून घडवली. अर्जावर दोघांची नावं होती. नत्थूलाल पुन्हा पोटभर जेवू लागले. त्यांची बायको गिरजा शेजारणीला म्हणाली होती, "बाहुल्यायनं माहा मानूस उठवून बसवला."

आणि आता हे.

त्यांनी नवरीचा चेहरा परत उजळ केला. शनिवारी पाहिलं, तर परत पिवळा. शिवाय आता तुतारीवाला आणि पाणी भरणारी म्हातारीही पिवळी झाली होती.

एकेक विचार मनात येऊ लागला. स्पर्धेला महिना राहिला आहे. काम खराब झालं तर फायदा कुणाचा? रीता नागपूरला शिकलेली, तिच्या ओळखीचे कितीतरी लोक स्पर्धेत असतील. की तिला हे नगर आपल्या एकटीच्या रंगाने करून घ्यायचं आहे, म्हणजे उद्या म्हणता येईल, म्हाताऱ्याने नुसती माती थापली?

केवळराम चहा घेऊन आला तेव्हा नत्थूलालांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रीता तुह्या दुकानात येते का रे कधी?"

"येते ना. मोबाईल चार्जिंगले लावते. लय फोन करत राहते बावा ते. बाहेर जाऊन बोलते." केवळराम हसला. "काऊन? काही गडबड आहे का?"

"नाही, असंच."

पण ते असंच नव्हतं. त्या दिवसापासून ते दुकानात येताना चपला बाहेरच काढून हळूच येऊ लागले. पेटीच्या झाकणावर आणि कडेवर खडूची बारीक रेघ ओढून ठेवू लागले, झाकण उचललं की रेघ तुटावी अशी. सोमवारी ते गिरजासोबत बाजारात गेले. परतले तेव्हा रेघ तुटलेली होती. रीता शांतपणे ब्रश धूत होती.

"पेटी उघडली होती का?"

"धूळ बसते म्हणून पाहिलं, काकाजी. अना मी काय म्हनते, या मानसायच्या तोंडाले थोडा गेरू टाकू का आपन? जरा गरम रंग."

"कायले? पहाट आहे ते. पहाटले कोनाचं तोंड गेरूसारखं दिसते?"

रीता काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं आणि मिटलं. ते मिटणं नत्थूलालांनी लक्षात ठेवलं.

आपल्या नजरेवर त्यांचा भारी विश्वास होता. पंचेचाळिशीत लागलेला वाचायचा चष्मा गेल्या वर्षी आपोआप सुटला होता. साठीला आलेला माणूस बिनचष्म्याने सगळ्यात बारीक, तीन शून्याच्या ब्रशने डोळ्यातली बाहुली काढतो, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवत. गिरजा दोनदा म्हणाली होती, एकदा डोळ्याच्या डॉक्टरला दाखवून या. त्यांनी उडवून लावलं होतं. सुटलेला चष्मा दाखवायला कोणी डॉक्टरकडे जातो का?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तो फोन ऐकला. दुपार होती. रीता दुकानाच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली उभी राहून दबक्या आवाजात बोलत होती. भिंतीआड नत्थूलाल उभे राहिले.

"हाव... नाही, काकाजीले काहीच समजलं नाही अजून... परवापर्यंत सारेच्या सारे चेहरे बदलवून टाकते मी. तुमी फक्त त्यायले घरी गुंतवून ठेवा... हाव, ठेवते."

त्यांना घरी गुंतवून ठेवणारा कोण? केवळराम? क्लबातला कोणी? दोन दिवसांपूर्वी क्लबाच्या माणसाचा फोन आला होता, पेटीचं माप विचारायला. मापच विचारायला, की आणखी कशाला?

रीता नळावर पाणी आणायला गेली. तिचा झोला खुंटीला होता. नत्थूलालांनी दुसऱ्याच्या वस्तूला आयुष्यात कधी हात लावला नव्हता. त्यांनी झोला उतरवला. आत होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या निघाल्या, तिन्हींत कालवलेला रंग, तोच तो पिवळट रंग. आणि वहीचं एक पान. पानावर त्रेचाळीस आकडे, प्रत्येकासमोर कोण ते लिहिलेलं: नवरी, नवरीची आई, तुतारीवाला, सारसावरचा पहिला. एकोणीस नावांपुढे बरोबरची खूण.

रीता बादली घेऊन आत आली, तेव्हा ते पान त्यांच्या हातात होतं.

"हे काय होय?"

तिचा चेहरा उतरला. "तुमी माहा झोला उघडला?"

"पह्यले सांग. कोनाच्या सांगन्यावरून करून राहिली तू हे? कोनाशी बोलत होती फोनवर?"

आवाज ऐकून केवळराम दारात येऊन उभा राहिला. रीताने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नत्थूलालांकडे. "मी नाही सांगू शकत, काकाजी. पन तुमचं वाईट व्हावं म्हनून मी काहीच नाही केलं."

"चोरी पकडली तं असंच म्हनतेत सारे."

चोरी हा शब्द दुकानात पडला आणि तिथेच राहिला. रीताने बादली खाली ठेवली, झोला घेतला. बाटल्या तिथेच टेबलावर सोडल्या. दारात केवळरामला म्हणाली, "सरका जरा." त्या संध्याकाळीच ती चिचगडला गेल्याचं घरमालकिणीकडून कळलं.

घरी नत्थूलालांनी सगळं सांगितलं, तेव्हा गिरजा पोळी लाटताना थांबली. "तिले चोर म्हनलं तुमी?" एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले. नत्थूलालांना वाटलं, बायकोला पोरीचा लळा होता, दुसरं काय. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढचे आठ दिवस त्यांनी दुकानाचं दार आतून लावून काम केलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चेहरे पुन्हा रंगवले. मागच्या पडद्यावरचं आभाळही थोडं वाढवलं, पहाट अजून गार केली. अर्जाच्या प्रतीवर रीताचं नाव खोडलं आणि तसं क्लबाला फोनवर कळवलं.

वीस जानेवारीच्या रविवारी सकाळच्या गाडीने ते नागपूरला गेले. पेटी मांडीवर. शेजारच्याने "काय आहे जी?" विचारलं तर "औषध" म्हणाले.

सभागृहात साठेक देखावे होते. नत्थूलाल आपल्या टेबलामागे उभे राहिले आणि हलले नाहीत. लोक येत, वाकून बघत, आणि गप्प होत. इतर टेबलांवर हसू, वाहवा चाललेली. इथे आले की चेहरे गंभीर. दोन बाया एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या. एकाने फोटो काढायला मोबाईल उचलला, तर नत्थूलालांनी आडवा हात धरला. "फोटो नाही." त्यांना वाटलं, रीताने आधीच इथे काहीतरी पसरवून ठेवलं आहे.

चार वाजता निकाल लागला. काल्पनिक देखावा, दुसरा क्रमांक: नत्थूलाल पटले, फुलचूर, गोंदिया.

टाळ्या वाजल्या. नत्थूलाल पायऱ्या चढले. मंचावर परीक्षकांनी, एका निवृत्त प्राध्यापकांनी, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि माईकवर बोलू लागले.

"मी पंधरा वर्षं परीक्षण करतोय, पण इतकं अस्वस्थ करणारं काम पाहिलं नाही. शीर्षक आहे 'लग्नाची सकाळ'. वाजंत्री आहे, वरात आहे, नवरी आहे. आणि एकूण एक माणूस मेलेला. बुडून मेलेल्याचे असतात तसे ते निळे चेहरे! नवरीला स्वतःला माहीत नाही की ती मेली आहे. पटलेजी, हे धाडस कुठून आलं तुमच्याकडे?"

माईक त्यांच्यापुढे आला. नत्थूलाल बघत राहिले. थट्टा करतो आहे का हा माणूस? सगळ्यांसमोर? त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं.

"मी... पहाट काढली होती," ते म्हणाले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

खाली उतरून ते नोंदणीच्या टेबलाशी गेले. तिथे प्रेमिला नावाच्या बाई बसल्या होत्या, सकाळी त्यांनीच पावती दिली होती. नत्थूलालांनी त्यांना हाताला धरल्यासारखं आपल्या टेबलाशी आणलं.

"बाई, तुमचा माझा काही संबंध नाही. खोटं बोलायचं तुम्हाला कारण नाही. या नवरीचं तोंड कोणत्या रंगाचं आहे?"

बाई गोंधळल्या. "निळं आहे ना. निळसर जांभळं. ओठ तर एकदमच."

"आणि आभाळ?"

"गडद निळं. शाईसारखं."

नत्थूलालांनी स्वतःच्या सदऱ्याकडे बोट केलं. दिवाळीत त्यांनी स्वतः पसंत केलेला तपकिरी सदरा. "हा?"

"जांभळा," प्रेमिलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची ओढून दिली. "बसा काका. पाणी देऊ का?"

गाडीत ते पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ट्रॉफी पिशवीत. भंडारा रोड स्टेशन येईपर्यंत त्यांनी गेलं वर्ष सगळं उलटून पाहिलं. सरबतवाल्याची पाटी, जी पाहून मालक म्हणाला होता, "काका, हा रंग जरा वेगळाच झाला." दूध, जे त्यांना सतत नासल्यासारखं पिवळट दिसे, आणि त्यावरून दूधवाल्याशी केलेलं भांडण. गिरजाची जांभळी साडी. ती नेसून आली तेव्हा ते म्हणाले होते, "ही कत्थी बरी दिसते तुले." ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली होती.

घरी पोचले तेव्हा गिरजा दारात होती.

"तुले मालूम होतं," ते म्हणाले.

ती नाकारेल असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "हाव. दिवाळीपासून."

"अना फोनवर रीता तुह्याशीच बोलत होती."

"मीच सांगतलं तिले. ते म्हनत होती, काकाजीले सांगून टाकू. मी म्हनलं, नको. फ्लेक्स आला तवा तुमी जेवन सोडलं होतं. आता डोळे गेले म्हनून सांगतलं असतं त..." ती चौकटीला टेकली. "मले वाटलं, स्पर्धा होऊ दे, मंग दवाखान्यात नेऊ. मी तिले शपथ घातली होती जी. म्हनून तिनं तोंड नाही उघडलं."

"मी तिले चोर म्हनलं तवा तरी सांगायचं होतं!"

"हिंमत नाही झाली," गिरजा म्हणाली. नत्थूलाल ओट्यावर बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंग पिवळं-तपकिरी झालंय, निळा रंग आत येऊच देत नाही. म्हणून तुम्ही निळा वाढवत गेलात. जवळचा चष्मा सुटला तोही यानेच. "लोक खूश होतात," डॉक्टर म्हणाले. "पण ती मोतीबिंदूची पहिली खूण असते."

ऑपरेशनच्या आधी ते देवरीमार्गे बसने चिचगडला गेले. रीता अंगणवाडीच्या भिंतीवर हत्ती काढत होती. तिच्या आई नंदाबाई त्यांना तिथवर सोडून परत गेल्या. रीताने पाहिलं आणि ब्रश चालूच ठेवला.

नत्थूलालांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बक्षीस, मेलेली नवरी, जांभळा सदरा, डॉक्टर. तिचं नाव खोडलं हेही सांगितलं. "क्लबले चिठ्ठी लिहिली मी. खरं काय ते लिहिलं. तुह्यं नाव टाका म्हनलं, नाहीतर बक्षीस परत घ्या. मी चुकलो, बेटा. मले दिसत नव्हतं."

हत्तीची सोंड पूर्ण झाली. मग ती वळली.

"डोळ्याचं मी समजू शकते, काकाजी. झोल्याचं नाही समजू शकत." तिचा आवाज चढला नव्हता. "रंग निळा का पिवळा, ते डोळ्यात होतं. पन रीता चोर आहे, ते डोळ्यात नव्हतं ना? दोन वर्सं रोज आली मी तुमच्या दुकानात. एकदा विचारायचं होतं नीट. खडूच्या रेघा ओढत बसले तुमी. मले दिसत होत्या त्या."

नंदाबाई चहा घेऊन आल्या, तो नत्थूलालांनी घेतला. रीताने शिडी सरकवायला घेतली तेव्हा ते दुसरी बाजू धरायला पुढे झाले. तिने धरू दिली. दुपारच्या बसने ते परतले.

फेब्रुवारीत एक डोळा झाला, मार्चमध्ये दुसरा. पट्टी काढली त्या दिवशी दवाखान्याची चादर इतकी पांढरी होती की त्यांनी डोळे झाकून घेतले. घरी येऊन त्यांनी पेटी उघडली, पाहिली, बंद केली. पुन्हा महिनाभर उघडली नाही. नजर परत आली होती, पण आता त्यांचा तिच्यावर भरवसा बसत नव्हता. रंग कालवला की गिरजाला हाक मारत, "हा कोनता, सांग बरं?" ती सांगे. मग ते केवळरामलाही जाऊन विचारत.

क्लबाचं पत्र आलं. बक्षीस कायम ठेवलं होतं, आणि दोन नावांची नवी दोन प्रमाणपत्रं जोडली होती. रीताचं त्यांनी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. तिचा काही निरोप आला नाही.

जून महिन्यात ती आली. जिल्हा परिषदेत कंत्राटी कलाशिक्षकाचा अर्ज भरायला गोंदियाला आली होती. गिरजाने तिला आत ओढलं, जेवायला वाढलं. जेवून ती दुकानात आली आणि उभ्यानेच म्हणाली, "दाखवा बरं."

पेटी उघडली. दोघांनी वाकून पाहिलं.

"आता कसे दिसून राहिले?" तिने विचारलं.

"मेलेले," नत्थूलाल म्हणाले.

"मलेबी पह्यल्या दिवसापासून तसेच दिसत होते. सांगायले पाहिजे होतं. काकीची शपथ होती, पन माह्यंबी चुकलं थोडं." तिने स्टूल ओढलं, घड्याळात पाहिलं. "चारची बस आहे मले. दुकानात परत येनार नाही मी काकाजी, ते सांगून ठेवते. पन नवरीचं तोंड करून देते. बाकी बेचाळीस तुमचे तुमी करा."

नत्थूलालांनी पांढरा, गेरू, थोडा पिवळा असे रंग ताटलीत काढले. कालवताना त्यांचा हात थबकला. त्यांनी ताटली तिच्यापुढे सरकवली आणि विचारलं, "बरोबर आहे का?"

तिने ब्रशचं टोक बुडवून आपल्या मनगटावर लावून पाहिलं.

"थोडा गेरू अजून," ती म्हणाली.

त्यांनी घातला. रीता नवरीवर वाकली. पावणेचारला तिने ब्रश धुऊन ठेवला.